भुताआधी माणूस: अमानवी चित्रकथांमध्ये भावना रेखाटण्याची पद्धत

भुताखेतांची चित्रकथा काढायला बसलेला नवा चित्रकार बहुधा सगळ्यात आधी भूत काढतो. सुळे, खोबणीतून बाहेर आलेले डोळे, मोकळे सोडलेले केस यांनी वहीची पाने भरून जातात, आणि प्रत्यक्ष कथेत ते भूत अवतरले की वाचक काहीही न वाटता पुढचे पान उलटतो. चित्रकाराचा हात चांगला तयार असला तरी असे घडते, कारण वाचकाला भूत कधी भेटलेले नसते. त्याला ओळखीचा असतो तो घाबरलेला, कोणाला तरी गमावून बसलेला किंवा कोणाची तरी वाट पाहणारा माणूस. अमानवी गोष्ट कागदावर खरी वाटू लागते ती तिच्यासमोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाच्या देहावर तिचा जो परिणाम दिसतो त्यामुळे. म्हणून त्या माणसाला नेमके काय वाटते आहे हे पहिल्यांदा ठरवावे आणि भुताचे रूप, रेषेची जात, शाईचे प्रमाण, चौकटींची मांडणी आणि अक्षरांचे वळण हे सगळे त्या एका निर्णयावरून ठरवत जावे, अशी माझी पद्धत आहे. ती पुढे क्रमाने मांडली आहे.

भावनेचे नाव आधी लिहा

प्रत्येक प्रसंगाचे कच्चे रेखाटन करण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात त्या प्रसंगाची भावना एका शब्दात लिहून ठेवावी. ‘भीती’ एवढ्याने काम भागत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात याविषयी जो भेद केलेला आहे, तो चित्रकथा काढणाऱ्याला आजही जसाच्या तसा वापरता येतो. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून असलेली भावना, भय, बीभत्साचा जुगुप्सा, अद्भुताचा विस्मय आणि करुणाचा शोक. अमानवी कथेत हे चारही भाव एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची सरमिसळ होते आणि परिणाम बोथट होतो. सडलेला हात बारकाव्यानिशी दाखवला तर वाचकाला किळस येते, आणि किळस आलेला माणूस मान फिरवतो. भ्यालेला माणूस मात्र त्याच अंधाऱ्या जागेकडे डोळे लावून बसतो. त्यामुळे किळस हवी असेल तेथे तपशील द्यावा लागतो आणि भय हवे असेल तेथे तो राखून ठेवावा लागतो. एकाच चौकटीत दोन्ही साधू पाहणारे चित्र सहसा दोन्हीकडून हुकते.

अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्सच्या 1950 नंतरच्या भयकथा या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ग्रॅहॅम इंगल्स याच्या चित्रांत लाळेचे तार, चिकट केस आणि लोंबणारी कातडी यांचा मारा असतो, तर त्याच प्रकाशनातला जॉनी क्रेग स्वच्छ, नीटस रेषेने सभ्य कपड्यांतली माणसे काढून त्यांच्या मनातला दुष्टपणा हळूहळू उघड करतो. कथांचा साचा पुष्कळदा सारखाच असूनही पहिल्याची पाने जुगुप्सेने अंगावर येतात आणि दुसऱ्याची भयाने धरून ठेवतात. जपानच्या जुंजी इतो याच्या ‘उझुमाकी’मध्ये (1998-99) सर्पिल आकाराने झपाटलेल्या गावातली माणसे त्या आकाराकडे आधी मोहून पाहतात. विस्मयाने भारलेले ते चेहरे शांत असल्यामुळेच पुढे येणारी किळस असह्य होते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ‘चांदोबा’ वाचत मोठे झालेल्यांना शंकर यांनी काढलेला विक्रम आठवेल. स्मशान, खांद्यावर प्रेत, त्यात वसलेला वेताळ, म्हणजे भयाची सगळी सामग्री तेथे हजर आहे. तरीही त्या चित्राने मुले घाबरत नसत, कारण राजाच्या हातात उपसलेली तलवार आहे आणि त्याचे पाऊल निश्चयाने पुढे पडलेले आहे. उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव, आणि तो राजाच्या चालीत असल्यामुळे सगळे चित्र वीररसाचे होते. तोच वेताळ, तेच प्रेत, पण वाहणारा माणूस खांद्यातून वाकलेला आणि मागे वळून पाहणारा काढला असता तर हेच चित्र भयानकाचे झाले असते.

देहावर काय दिसते

भाव ठरला की तो देहावर कोठे उमटतो हे पाहावे. येथेही नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव कामाला येतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मनावर ताबा राहत नाही तेव्हा देहावर आपोआप उमटणारे हे बदल आहेत, आणि चित्रकाराला त्यांचा उपयोग फार मोठा आहे, कारण यांतला जवळजवळ प्रत्येक बदल शब्दांविना दाखवता येतो.

स्तंभ म्हणजे जागच्या जागी गोठणे. तो काढताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, हात अंगाला चिकटवावेत आणि कपड्यांच्या चुण्या सरळ खाली सोडाव्यात. त्याहून प्रभावी उपाय म्हणजे लागोपाठच्या दोन चौकटींत आकृती तंतोतंत तशीच ठेवून भोवतालचे काहीतरी बदलणे: पहिल्या चौकटीत बंद असलेले दार दुसरीत उघडे. वेपथू, म्हणजे कंप, दाखवण्यासाठी देहाभोवती नागमोडी रेषा काढण्याची सवय विनोदी चित्रांतून येते आणि गंभीर प्रसंगाचा घात करते. कंप हातातल्या वस्तूला द्यावा. काठोकाठ भरलेल्या पेल्यातून सांडणारे पाणी किंवा किल्लीचे टोक आणि कुलपाचे छिद्र यांच्यातले न जुळणारे अंतर काढले की हात थरथरत आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही. घामाचेही तसेच. हवेत उडालेला टपोरा थेंब हसू आणतो. वरच्या ओठावरचा ओलसरपणा आणि कानशिलाला चिकटलेली बट हसू आणत नाहीत.

वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, काळ्या-पांढऱ्या चित्रात सर्वांत सहज साधते. चौकटीतली भिंत, कपडे, केस या सगळ्यांवर रेषांची जाळी देऊन फक्त चेहरा कोरा सोडला की त्यातले रक्त निघून गेल्यासारखे दिसते. हा उपाय एका कथेत एकदाच वापरावा. अश्रू काढायचे असतील तर आधी ओला डोळा काढावा. खालच्या पापणीच्या काठावरची पांढरी बारीक रेघ गालावरून वाहणाऱ्या धारेपेक्षा पुष्कळ अधिक सांगते. रोमांचाला अगदी जवळची चौकट लागते, आणि प्रलयाला, म्हणजे शुद्ध हरपण्याला, चौकटीची कडाच काढून टाकलेली चालते. स्वरभंगाचा, म्हणजे आवाज फुटण्याचा, विचार अक्षरांच्या ओघात करू.

चेहऱ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण भय आणि आश्चर्य यांची गल्लत बहुतेकांच्या चित्रांत दिसते. चार्ल्स डार्विनने 1872 मध्ये भावनांच्या आविष्कारावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि भुवया, कपाळ, ओठ यांच्या हालचालींचे जे बारीक वर्णन केले, ते चित्रकाराने आवर्जून अभ्यासावे असे आहे. आश्चर्यात भुवया कमानीसारख्या वर जातात आणि जबडा सैल होऊन तोंड उघडे पडते. भयात भुवया वर जातातच, पण त्याच वेळी एकमेकींकडे ओढल्या जातात, त्यामुळे त्या कमानदार न राहता जवळजवळ सरळ होतात. वरची पापणी इतकी उचलली जाते की बुबुळाच्या वर पांढरे दिसू लागते. आणि ओठ कानांच्या दिशेने आडवे ताणले जातात. दुःखात भुवयांची फक्त आतली टोके वर चढतात आणि कपाळाच्या मधोमध आठ्या पडतात. एवढ्या तीन भुवया मनापासून घोटल्या तरी चित्रांत मोठा फरक पडतो. आरशासमोर भीतीचा अभिनय करायला गेल्यास चेहरा खोटा होतो, असा पुष्कळांचा अनुभव असतो. त्यासाठी चेहऱ्यापासून सुरुवात न करता खांदे कानांकडे ओढावेत, श्वास रोखावा, हनुवटी मागे घ्यावी आणि मग चेहरा काय करतो ते पाहावे.

नजरेची दिशाही ठरवून द्यावी लागते, कारण पात्र जिकडे पाहते तिकडेच वाचकाची नजर जाते. पात्राच्या नजरेसमोर मोकळी जागा सोडली तर वाचक तेथे काहीतरी येण्याची वाट पाहतो. मोकळी जागा पात्राच्या पाठीमागे सोडली आणि पात्र मात्र निवांतपणे समोर पाहत असले, तर वाचक त्याच्या वतीने घाबरतो.

रेषा आणि काळोख

एकच स्मशान तीन चित्रकारांनी काढले तर तीन वेगळ्या भावना निघतात, कारण भाव आकृतीइतकाच रेषेत असतो. बर्नी राइटसन याने 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या आवृत्तीसाठी केलेली पेन-शाईची चित्रे जुन्या कोरीव ठशांच्या वळणाची आहेत. हजारो बारीक रेषांनी तो राक्षसाची कातडी, झाडांच्या साली आणि ढग एकाच पोताचे करतो, आणि त्यामुळे तो राक्षस निसर्गाचाच एक टाकून दिलेला तुकडा वाटू लागतो. त्या चित्रांतला शोक या दाट विणीतून येतो. माइक मिन्योला याच्या ‘हेलबॉय’ची (पहिली मालिका 1994) वाट नेमकी उलटी आहे. तेथे रेषा मोजक्या आणि काळ्या शाईचे सलग पट्टे मोठे असतात. चेहऱ्याचा अर्धा भाग सरळ अंधारात विरघळतो, मध्येच एखाद्या निःशब्द चौकटीत फक्त दगडी पुतळा किंवा मेलेला पक्षी दिसतो. मारामारीने भरलेल्या त्या कथांमध्ये जो एकटेपणा जाणवतो तो या गाळलेल्या तपशिलांचा आहे.

तिसरे उदाहरण शिगेरू मिझुकी याचे, आणि मला ते या तिघांत सर्वांत शिकण्यासारखे वाटते. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर डावा हात गमावलेला हा चित्रकार पुढे आयुष्यभर जपानी लोकसमजुतींतली भुते काढत राहिला. त्याची पात्रे अगदी साधी, थोडक्या रेषांत आटोपलेली असतात. पार्श्वभूमीवरचे जंगल, जुनी घरे आणि थडगी मात्र ठिपक्याठिपक्यांनी, पानापानांनी, छायाचित्राइतक्या नेटाने भरलेली. या विरोधामुळे जागा खरी आणि फार जुनी वाटते, तर माणसे तेथे चार दिवसांची पाहुणी वाटतात. कोकणातला वाडा, देवराई, घाटातली पडकी धर्मशाळा अशा जागांची कथा काढणाऱ्याने ही रीत अवश्य करून पाहावी, कारण आपल्याकडच्या बहुतेक भूतकथांत भूत हे एखाद्या व्यक्तीपेक्षा एखाद्या जागेला बांधलेले असते.

व्यवहारात काळ्याची वाटणी अगदी सुरुवातीला करावी. पानाचा आराखडा तळहाताएवढ्या आकारात काढावा, त्यात फक्त पांढरा, करडा आणि काळा असे तीन टप्पे ठेवावेत आणि डोळे किलकिले करून तो पाहावा. अशा वेळी आकृत्या ओळखू आल्या नाहीत तरी हरकत नाही, पण नजर कोठे थांबते हे कळले पाहिजे. काळोख कोठून येतो, म्हणजे उजेड कोठे आहे, हेही प्रत्येक प्रसंगात पक्के करावे: समई, कंदील, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट, मोबाइलचा टॉर्च. हनुवटीखालून पडलेला उजेड भयकथांत इतका वापरला गेला आहे की तो केवळ भासवण्यासाठी घेतला तर लगेच उघडा पडतो. पण जमिनीवर ठेवलेल्या पणतीसमोर खरोखरच कोणी वाकलेले असेल तर तोच उजेड पुन्हा खरा होतो.

साधनांबद्दल थोडक्यात. ताण असलेल्या प्रसंगासाठी होल्डर-निब चांगली, कारण दाब बदलला की रेषा आपोआप जाडबारीक होते; मोठ्या काळ्या जागा ब्रशनेच भराव्यात. टॅब्लेटवर काढणाऱ्यांनी अशा प्रसंगात रेषा गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर बंद ठेवावा, नाहीतर हाताचा नैसर्गिक कंप यंत्र पुसून टाकते. कागदावरचे रेषाचित्र छपाईसाठी 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करावे, आणि पान लहान करून छापायचे असेल तर केसासारख्या रेषा आधीच थोड्या जाड कराव्यात.

चौकट, वेळ आणि पान उलटणे

सिनेमात भीतीचा क्षण किती लांबवायचा हे दिग्दर्शकाच्या हाती असते. चित्रकथेत वाचक स्वतःच्या वेगाने पुढे सरकतो, म्हणून त्याचा वेग चौकटींनी आवरावा लागतो. एका क्षणाचे अनेक अरुंद तुकडे केले की वेळ ताणला जातो. बर्नार्ड क्रिगस्टाइन याने 1955 मध्ये ‘मास्टर रेस’ या आठ पानी कथेत धावत्या आगगाडीचा क्षण अशा उभ्या पट्ट्यांत चिरला होता. ती कथा भुताची नाही, पण वेळ कसा कापावा हे तिच्याइतके थेट शिकवणारी पाने थोडी आहेत. जिना चढणे, कडी काढणे, पांघरूण बाजूला करणे या क्रिया अशा पट्ट्यांना योग्य, कारण त्यांचा शेवट वाचकाला आधीच दिसू लागलेला असतो आणि तो येऊ नये असेही त्याला वाटत असते.

पान उलटणे हा छापील चित्रकथेतला सर्वांत मोठा विराम. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचले जाते, त्यामुळे विषम क्रमांकाचे पान उजवीकडे येते आणि त्याच्या शेवटच्या चौकटीनंतर पान उलटावे लागते. जे दाखवायचे आहे ते पुढच्या सम पानाच्या सुरुवातीला यायला हवे. ते समोरासमोरच्या पानांवर आले तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाऊन पोहोचते. इतो याच्या कथांत हे तंत्र पदोपदी दिसते: उघड होणारा मोठा भीषण देखावा पान उलटल्यावरच भेटतो आणि त्याच्या आधीच्या चौकटीत फक्त पाहणाऱ्याचा चेहरा असतो. संगणकावर किंवा फोनवर वाचल्या जाणाऱ्या कथेत पान नसते, तेथे हे काम बोटाने वर सरकवण्याच्या क्रियेकडून करून घ्यावे लागते. कॅनडाच्या एमिली कॅरल हिने 2010 च्या हॅलोविनला इंटरनेटवर आणलेली ‘हिज फेस ऑल रेड’ ही कथा या बाबतीत नमुन्यादाखल पाहावी. चौकटींमध्ये सोडलेला काळा अवकाश आणि पुढे सरकण्यासाठी वाचकाला स्वतः कराव्या लागणाऱ्या हालचाली हेच तिच्या भीतीचे साधन आहे.

आता एक पान प्रत्यक्ष रचून पाहू. मुंज झालेला पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवणारा विधी) न झालेला मुलगा मरण पावला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी आपल्याकडची समजूत आहे. कथा अशा मुलाच्या आईची आहे असे समजा. मागच्या दारी पिंपळ आहे, तिन्हीसांजेची वेळ आहे आणि ती दिवा घेऊन परसात आली आहे. कोपऱ्यात लिहिलेला शब्द ‘भय’ असेल तर हे पान एक प्रकारे निघेल. मी येथे ‘ओढ’ लिहितो.

पहिली चौकट रुंद आणि आडवी: दार, परस, पिंपळ, आणि दाराच्या उजेडात आईची लहान आकृती. झाडाची पाने एकेक करून काढलेली, आई मात्र पाच-सहा रेषांत. दुसरी चौकट तिच्या हाताची: ज्योतीला वारा लागू नये म्हणून आडवा धरलेला तळवा, बोटांच्या फटींतून येणारा उजेड आणि वारा नसतानाही तिच्याकडे झुकलेली ज्योत. तिसऱ्या चौकटीत तिचा चेहरा. येथे डोळे विस्फारलेले काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. भुवयांची फक्त आतली टोके वर घ्यावीत आणि ओठ किंचित विलग ठेवावेत, कारण तिला काय आले आहे हे ठाऊक आहे. चौथ्या चौकटीत पिंपळाचा बुंधा, आणि तेथे कोणीही नाही.

पाचवी चौकट वरून पाहिलेली: ओल्या सारवणावर उमटलेली लहान मुलाची अनवाणी पावले, दारापासून पिंपळाकडे गेलेली. भुताचे पाय उलटे असतात हे मराठी वाचकाला लहानपणापासून माहीत असते. म्हणून ही पावले पिंपळाकडे गेलेली दिसत असली तरी मुलगा पिंपळाकडून घरात आला आहे, हे त्याला क्षणभर थांबून उमगते, आणि ते उमगण्याचे काम त्याचे त्यानेच केल्यामुळे ती चौकट त्याच्या मनातून हलत नाही. या चौकटीत एकही शब्द घालू नये. सहावीत आई घरात परतली आहे, तिची पाठ आपल्याकडे आहे आणि मागचे दार तिने सताड उघडे ठेवले आहे. कडी चौकटीच्या अगदी पुढच्या बाजूला, मोठी काढावी, म्हणजे ती लावलेली नाही हे नजरेतून सुटणार नाही.

या पानावर मुंजा एकदाही दिसत नाही. पुढच्या पानावर तो दिसावा असे वाटले तर त्याचे रूप याच ओढीतून ठरेल: घोटलेले डोके, शेंडी, लंगोटी, पाठमोरा, जेवणाच्या पाटावर बसलेला. त्याला सुळे देण्याचा विचारसुद्धा मग मनात येत नाही. तेच पान ‘भय’ हा शब्द लिहून काढले असते तर तिसऱ्या चौकटीत पाहणारी एखादी नवी सून असती, उजेड तिच्या पाठीमागे असता आणि सहाव्या चौकटीत कडी लावलेली असती, घरात काय शिरले आहे याचा तिला पत्ता नसताना.

अक्षरे

अक्षरे हाही चित्राचाच भाग आहे, आणि मराठी चित्रकथांमध्ये याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते याचे मला वाईट वाटते. संगणकावरचा एकच ठाशीव टंक सगळ्या पात्रांच्या तोंडी घातला की आजी, मूल आणि प्रेत एकाच आवाजात बोलू लागतात. ‘सँडमन’ या इंग्रजी चित्रकथा-मालिकेत अक्षरे लिहिणाऱ्या टॉड क्लाइन याने स्वप्नाच्या अधिपतीचे बोलणे काळ्या संवाद-फुग्यात पांढऱ्या अक्षरांनी लिहिले आणि त्याच्या बहुतेक भावंडांना वेगवेगळे वळण दिले. पात्राचा आवाज वाचकाच्या कानात त्यामुळेच पक्का बसतो. देवनागरीत तर यासाठी रोमन लिपीपेक्षा अधिक सोय आहे, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. स्वरभंग दाखवायचा असेल तर हाताने लिहिताना शिरोरेषा मध्ये मध्ये तोडावी किंवा थरथरती ओढावी. मेलेल्या माणसाच्या बोलण्यातली शिरोरेषा पूर्णपणे काढून टाकली तर अक्षरे एकमेकांपासून सुटी होऊन लोंबल्यासारखी दिसतात, आणि वाचता येऊनही ती परकी वाटतात. हाक लांबवायची असेल तर शेवटच्या वेलांटीची किंवा काना-मात्रेची रेघ फुग्याच्या बाहेर, पुढच्या चौकटीपर्यंत ओढून नेता येते.

ध्वनींसाठी मराठीत शब्दांचे भांडार आहे. किर्रर्र, सळसळ, खट्, धप्प, करकर, टपटप, छुमछुम यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या वस्तूचा आणि वेगळ्या अंतराचा आहे, त्यामुळे इंग्रजी कॉमिक्समधले आवाज उसने आणण्याचे कारण नाही. आवाज जेथून येतो त्याच्या पृष्ठभागावर तो शब्द लिहावा: जिन्याची करकर पायऱ्यांच्या कडेवर, पाण्याची टपटप उभ्या ओळीत खाली येणारी. मात्र सर्वांत घाबरवणाऱ्या चौकटीत बहुधा आवाज नसावा. आधीच्या तीन चौकटींत रातकिड्यांची किर्रर्र सतत लिहिलेली असेल तर चौथीत ती नसणे वाचकाला लगेच जाणवते.

रंगांविषयी एवढेच सांगतो की रंग कमी ठेवावेत. नाट्यशास्त्राने भयानकाला काळा, बीभत्साला निळा, करुणाला पारव्याचा करडा आणि अद्भुताला पिवळा रंग दिला आहे. तो नियम म्हणून पाळायची गरज नसली तरी एका प्रसंगाला एकच मुख्य रंग देण्याची त्यामागची शिस्त घेण्यासारखी आहे. ‘हेलबॉय’च्या सपाट, मंद रंगांच्या पानांवर नायकाचा लाल रंग जेवढा उठून दिसतो तेवढाच तो त्या जगात उपरा असल्याचेही सांगतो. वरच्या पानात मी सगळे करड्या-निळ्यात ठेवून पिवळा फक्त ज्योतीला आणि तिच्या उजेडात आलेल्या त्वचेला दिला असता.

पान तपासताना

पान शाईत उतरवण्यापूर्वी, पेन्सिलीवर असतानाच, फुग्यांवर कागदाचे तुकडे ठेवून ते कथा ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवावे आणि ‘काय घडते आहे’ असे न विचारता ‘हिला काय वाटते आहे’ असे विचारावे. उत्तर कोपऱ्यात लिहिलेल्या शब्दाच्या जवळ आले तर पान पुढे न्यावे. ‘घाबरली आहे बहुतेक’ असे मोघम उत्तर आले तर प्रथम भुवया आणि खांदे तपासावेत, कारण दोष बहुतेक वेळा तेथेच असतो. ते बरोबर असतील तर मोकळी जागा चुकीच्या बाजूला सोडली आहे का ते पाहावे. आणि त्यानंतरच उजेड-काळोखाला हात लावावा. भुताचे चित्र सुधारत बसण्याची वेळ या क्रमात सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. एखादी चौकट दोन-तीनदा काढूनही जमत नसेल तर ती गाळून तिच्या आधीची आणि नंतरची चौकट शेजारी ठेवून पाहावी. दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत वाचक जे स्वतः भरून काढतो, ते पुष्कळदा त्या गाळलेल्या चित्रापेक्षा अधिक भीतिदायक किंवा अधिक हृद्य असते. तसे झाले तर राहिलेली जागा शेजारच्या चौकटीला द्यावी आणि पान त्याच रूपात शाईत उतरवावे.